निवळलेले पाणी आणि शुद्ध पाणी

पहिला मोठा पाऊस झाला की नदीचे पाणी चहासारखे तांबूस होते. नदीकाठच्या पुष्कळ गावांत नळालाही तेच पाणी येते. मग घरातली बाई त्यात तुरटीचा खडा फिरवते. तासा-दोन तासांनी गाळ तळाशी बसतो, वरचे पाणी स्वच्छ दिसू लागते, आणि आपण म्हणतो, पाणी निवळले. निवळले हे खरेच. पण शुद्ध झाले काय? हा प्रश्न आपण विचारत नाही, आणि दर पावसाळ्यात लहान मुलांना जुलाब लागतात ते बरेचदा तो न विचारल्यामुळेच. म्हणून आज पाणी निवळते कसे आणि शुद्ध होते कसे, हे वेगवेगळे पाहू.

आधी गाळाचे पाहा. चिखलाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात दिवसेंदिवस तरंगत राहतात. त्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे कण एकत्र येत नाहीत आणि जड होऊन खाली बसत नाहीत. तुरटीने हा भार मोडतो, कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि तळ गाठतात. शेवग्याच्या बियांतही हा गुण आहे. त्या बियांत धन भाराची प्रथिने असतात. सुदानमध्ये नाईल नदीच्या काठच्या बायका शेवग्याच्या जातीच्या बियांनी पाणी निवळत आल्या आहेत. आपल्याकडे त्या कामी निवळीचे बी आहे. ते माठाच्या आतल्या अंगाला घासतात आणि मग पाणी भरतात. संस्कृतात या झाडाला कतक म्हणतात. मनुस्मृतीत त्याचा दाखला असा दिला आहे की, कतकाच्या फळाने पाणी निवळते हे खरे, पण नुसते त्याचे नाव घेतल्याने काही ते निवळत नाही!

शेवग्याचे बी वापरायचे ते असे. शेंग झाडावरच पूर्ण वाळू द्यावी, बियांचे टरफल काढावे, आतला पांढरा गर कुटून थोड्या पाण्यात कालवावा, फडक्यातून गाळून घागरीत घालावा. आधी मिनिटभर भराभर ढवळावे, मग पाच-दहा मिनिटे सावकाश. नंतर हात न लावता तास-दोन तास ठेवून वरचे पाणी अलगद ओतून घ्यावे. गाळाबरोबर बरेचसे रोगजंतूही खाली बसतात. बरेचसे, सगळे नव्हेत. शिवाय बियांतला काही अंश पाण्यात उरतो, आणि उरलेल्या जंतूंना तो आयता खाऊ होतो. म्हणून असे पाणी दिवसभरापलीकडे साठवू नये, आणि पिण्यापूर्वी उकळावे हे उत्तम.

आता वाळूकडे येऊ. 1892 साली जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात कॉलऱ्याची मोठी साथ आली. एल्बे नदीचे पाणी शहर न गाळता पीत होते. त्या साथीत आठ हजारांवर माणसे दगावली. शेजारीच, त्याच नदीच्या खालच्या अंगाला, आल्टोना नावाचे गाव होते. हॅम्बुर्गची सारी घाण पोटात घेऊन आलेले पाणी आल्टोनाच्या वाट्याला येई. म्हणजे खरे तर आल्टोनाचे हाल अधिक व्हायला हवेत. पण आल्टोना जवळजवळ वाचले. सीमेवरच्या एकाच रस्त्याला एका बाजूला हॅम्बुर्गचे नळ होते, तिकडे कॉलरा. दुसऱ्या बाजूला आल्टोनाचे नळ, तिकडे तो नाही. फरक एवढाच की आल्टोना नदीचे पाणी वाळूच्या थरातून सावकाश झिरपू देऊन मग वापरत होते.

तुम्ही म्हणाल, वाळू ही एक चाळण. तिच्यात जंतू अडकले, झाले. पण हिशेब करून पाहा. वाळूच्या दोन कणांमधली फट जंतूच्या मानाने केवढी तरी मोठी असते. दार सताड उघडे ठेवून माशी अडवावी, तसला तो प्रकार. खरे काम दुसरेच कोणी करते. वाळूच्या वरच्या एक-दोन बोटांत काही आठवड्यांनी एक बुळबुळीत थर धरतो. त्यात शेवाळ असते, निरुपद्रवी जंतू असतात आणि जंतूंना खाणारे त्यांच्याहून मोठे सूक्ष्मजीव असतात. पाण्यातून येणारी घाण त्या थराला चिकटते आणि तिथेच खाल्ली जाते. रोगजंतूंना माणसाच्या आतड्याची ऊब लागते. या थंड, भुकेल्या वस्तीत त्यांचा टिकाव लागत नाही.

यावरून सावकाश गाळणीचे सगळे नियम आपोआप निघतात. पाण्याने तासाला वीतभरच खाली उतरावे, कारण खाणाऱ्याला वेळ हवा. थर कधी सुकू देऊ नये, कारण तो जिवंत आहे. नवी गाळणी पहिले काही आठवडे भरवशाची नसते, कारण थर अजून धरलेला नसतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वरचा थर किळसवाणा दिसतो म्हणून सगळी वाळू दर आठवड्याला उपसून घासूनपुसून धुऊ नये. गाळणी तुंबली तर वरची एक-दोन सेंटिमीटर वाळू तेवढी काढावी. टापटिपीची आवड असलेला माणूस इथे हमखास फसतो. घाण म्हणून तो जे फेकतो, तीच खरी गाळणी असते.

हे झाले पिण्याच्या पाण्याचे. सांडपाण्याचे शास्त्रही निराळे नाही. गावचा नाला काळा का पडतो आणि त्याला नासक्या अंड्यासारखा वास का येतो? एक लिटर स्वच्छ पाण्यात सुमारे आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. एक लिटर सांडपाण्यातली घाण पचवायला जंतूंना दोनशे मिलिग्रॅम किंवा त्याहूनही अधिक प्राणवायू लागतो. म्हणजे एक लिटर सांडपाणी पंचवीस लिटर चांगल्या पाण्यातला प्राणवायू फस्त करू शकते. प्राणवायू संपला की मासे मरतात, आणि त्याच्यावाचून जगणारे दुसरे जंतू कामाला लागतात. दुर्गंधी आणि काळा रंग ही त्यांची करणी.

तेव्हा उपाय उघड आहे. जंतूंना हवा द्या. 1914 साली मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी सांडपाण्यात हवा सोडून पाहिली. पहिल्या खेपेला पाणी साफ व्हायला काही आठवडे लागले. पण तळाशी बसलेला गाळ त्यांनी फेकला नाही. त्यावरच नवे सांडपाणी ओतले. असे पुन्हा पुन्हा करता आठवड्यांचे काम काही तासांवर आले. आपल्या बायकांना यात नवल वाटणार नाही. हे विरजणच की! शहरांतली सांडपाण्याची बहुतेक मोठी केंद्रे आज याच रीतीने चालतात.

पण पंप चालवायला वीज लागते. तिच्याशिवाय हवा कोण देणार? कलकत्त्याच्या पूर्वेला याचे उत्तर पाहायला मिळते. तिथल्या उथळ तळ्यांत शहराचे सांडपाणी सोडतात. जंतू घाण फोडतात. त्यातून सुटलेल्या खतावर आणि सूर्यप्रकाशावर शेवाळ वाढते. शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडते. तो जंतूंच्या कामी येतो. शेवाळावर मासे पोसतात आणि कोळ्यांची घरे चालतात. सुमारे साडेबारा हजार हेक्टरांच्या या पाणथळीला 2002 साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे स्थान मिळाले.

आपल्या नागपूरला 1958 साली स्थापन झालेली आणि 1974 पासून ‘नीरी’ या नावाने ओळखली जाणारी संशोधन संस्था आहे. तिने खडी आणि पाणवनस्पती यांच्या वाफ्यातून सांडपाणी शुद्ध करण्याची ‘फायटोरिड’ ही पद्धत तयार केली. खडीवर जंतू वस्ती करतात. कर्दळ, पाणकणीस यांसारखी झाडे मुळांवाटे थोडी हवा पोचवतात आणि पाण्यातले खत उचलतात. घरापुरते म्हणाल तर न्हाणीचे पाणी शोषखड्ड्यात किंवा परसातल्या कर्दळीला सोडणे हे त्याचेच धाकटे भावंड. मात्र शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर असावा, आणि काळ्या चिकण जमिनीत पाणी जिरत नाही हे ध्यानात ठेवावे.

आता दोन इशारे. जंतू शेण खातात, साबण खातात, काही जाती तेलही खातात. पण पारा, शिसे, आर्सेनिक खाऊन संपवता येत नाहीत. ती मूलद्रव्ये आहेत. ती पाण्यातून निघाली तर गाळात किंवा झाडात जाऊन बसतात. म्हणून कारखान्याच्या पाण्यावर वाढलेली जलपर्णी गुरांना घालू नये. दुसरा इशारा असा की, नाल्यात ओतायला जंतूंची पावडर विकणारे भेटतील. ग्रामपंचायतीचा पैसा खर्चण्यापूर्वी एवढेच विचारा, या जंतूंना हवा कुठून मिळणार? नाल्यात जंतूंचा दुष्काळ कधीच नसतो. दुष्काळ असतो तो हवेचा, बसायला जागेचा आणि वेळेचा.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग जरूर करावा. तळ्याचे पाणी घेऊन त्यात थोडी भाताची पेज मिसळावी. निम्मे पाणी बाटलीत काठोकाठ भरून बूच लावावे, निम्मे पसरट परातीत उघडे ठेवावे. चार-पाच दिवसांनी मुलांना दोन्हींच्या वासातला फरक दुरूनच ओळखायला सांगावे. चव कोणी घेऊ नये. नंतर साबणाने हात धुवावेत. हवा मिळाली तर काय होते आणि न मिळाली तर काय, हे मुलांना पुस्तकाविना कळेल.

आणि घरी एवढे पाळा. निवळी, तुरटी, शेवगा यांनी पाणी निवळावे. पण निवळून झाल्यावर ते खळखळा उकळावे किंवा त्यात प्रमाणात क्लोरिन घालावे. गढूळ पाण्यात क्लोरिन गाळावरच खर्ची पडते, म्हणून क्रम हाच ठेवावा. गावच्या टाकीत टी.सी.एल. पावडर रोज पडते की नाही, हे ग्रामसभेत विचारायला संकोच करू नका.