लखनऊच्या घरात समुद्र: खाऱ्या पाण्याचा पहिला टँक

गोड्या पाण्याच्या टँकबद्दल बोलून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. समुद्र जवळ नाही, मग घरात खाऱ्या पाण्याचा टँक, त्यात ते नारिंगी-पांढरे क्लाउनफिश, खडक, प्रवाळ, हे सगळं जमतं का? आज लखनऊ धरून बोलू, आणि मुद्दाम धरून. बंगालचा उपसागर तिथून सरळ रेषेतसुद्धा साडेआठशे किलोमीटरांच्या आसपास. मे-जूनमध्ये पारा ४२-४३च्या पुढे, जानेवारीच्या रात्री ५-६ अंश. इथे टँक टिकला तर नागपूर-इंदूरवाल्यांनी काळजी करू नये.

मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं तेव्हा समुद्र रस्त्यापलीकडेच होता. लखनऊमध्ये समुद्र बादलीत बनवावा लागतो. तर आधी मिठापासून सुरुवात करू.

खूप जण विचारतात, स्वयंपाकातलं मीठ घालून चालेल का? किंवा जाडं, समुद्राचंच खडा मीठ? नाही चालणार, आणि त्याचं कारण आपल्या मिठागरांत दिसतं. समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांपैकी साधारण ८५ टक्के वजन सोडियम आणि क्लोराइडचं, म्हणजे मिठाचंच. उरलेल्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे. उरण-पेणच्या मिठागरात पाणी आटत जातं तेव्हा कॅल्शियमचा मोठा भाग जिप्समच्या रूपात आधीच खाली बसतो. मग मीठ धरतं. मॅग्नेशियम शेवटच्या कडू पाण्यात राहतं आणि ते पाणी सोडून देतात. म्हणजे आपल्या हातात येतं ते समुद्रातून निवडून काढलेलं मीठ. त्यातून समुद्र परत बनत नाही. म्हणून ॲक्वेरियमसाठी मिळणारं तयार सागरी मीठच घ्यायचं. एका लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम, क्षारता ३५ पीपीटी. ती रिफ्रॅक्टोमीटरवर मोजायची. जिभेवर नको, हसू नका, तसं करणारे आहेत.

मीठ नेहमी बादलीतल्या पाण्यात घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर कॅल्शियम पांढरा गाळ होऊन खाली बसतो. बादलीत छोटा पंप सोडून काही तास फिरवत ठेवा आणि मगच वापरा. माशांच्या अंगावर टँकमध्ये थेट मीठ कधीच टाकू नका.

आता पाणी. लखनऊ गंगेच्या मैदानात आहे, बोअरचं पाणी जड. नळाच्या पाण्यात क्लोरीन. दोन्ही नको. आरओचं पाणी, त्यापुढे डीआय रेझिनचं काडतूस, आणि टीडीएस मीटरवर शून्य किंवा त्याच्या अगदी जवळ. घरातल्या पिण्याच्या आरओ मशीनमध्ये बहुतेक वेळा चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळायची किंवा खनिजं घालायची सोय असते. टँकसाठी पाणी त्याच्या आधीच्या टप्प्यावरून घ्यायचं. ही बारीक गोष्ट वाटते, पण काचेवर हिरवा-तपकिरी थर चढत राहिला की बऱ्याचदा मूळ इथेच निघतं.

टँक पहिल्यांदा छोटा घ्यावासा वाटतो. घेऊ नका. शंभर लिटरच्या खाली उतरू नका, १५० ते २०० लिटर असेल तर उत्तम. पाणी जास्त म्हणजे बदल सावकाश, आणि या छंदात बदलच मारतो. तळाला ॲरागोनाइटची वाळू, वर कोरडा किंवा कृत्रिम खडक. नदीची वाळू नको. पाणी हलवायला वेव्हमेकर, आणि एक प्रोटीन स्किमर. स्किमर काय करतो ते कोकणात लाटेच्या काठाला साचणारा फेस पाहिलाय ना, तसंच. बुडबुड्यांना चिकटून सेंद्रिय घाण वर येते आणि कपात गोळा होते.

खडक, वाळू, पाणी झालं की मासे आणायची घाई होते. इथेच सर्वाधिक मासे जातात. टँकमध्ये अमोनिया तयार होतो, तो जिवाणू नायट्राइटमध्ये बदलतात, दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. हे जिवाणू खडकावर वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४, आणि इतक्या पीएचला अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त घातक रूपात असतो. म्हणून बाटलीतले जिवाणू आणि थोडा अमोनिया घालायचा, रोज टेस्ट किटवर बघायचं, आणि अमोनिया-नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन तिथेच राहिले की मग पहिला मासा. त्या काळात घरचे विचारतील, 'हे रिकामं खोकं कशाला ठेवलंय?' विचारू द्या.

आता लखनऊचा खरा प्रश्न, तापमान. टँकला २५-२६ अंश हवेत. तीस ओलांडले की पाण्यातला प्राणवायू कमी पडतो, आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात. स्वस्त उपाय पंख्याचा. पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला की पाणी वाफ होऊन उष्णता घेऊन जातं. हिशोब सांगतो. २०० लिटरच्या टँकमधून एक लिटर पाणी उडालं की जवळजवळ ३ अंशांइतकी उष्णता निघून जाते. मे महिन्यात लू चालते तेव्हा हवा कोरडी असते, पंखा झकास काम करतो. पण जुलै उजाडला, हवेत दमटपणा आला, की तोच पंखा नुसता फिरतो. उत्तरेतल्या कोणत्याही घराला हे शिकवावं लागत नाही, पावसाळ्यात कूलर निकामी होतो तेच शास्त्र. म्हणून चिलर घ्यायचा की नाही हे ठरवताना मेचा उन्हाळा बघू नका, ऑगस्ट बघा. टँक असलेल्या खोलीत एसी दिवसभर चालत असेल तर चिलरशिवाय निभतं, नाहीतर घ्यावाच लागतो. थंडीसाठी मात्र साधा हीटर पुरतो, लिटरमागे साधारण एक वॅट.

पंख्याची दुसरी बाजूही आहे. वाफ होऊन पाणी जातं, मीठ जात नाही. रोज ३ लिटर उडालं आणि आठवडाभर कुणी पाहिलं नाही, तर ३५ची क्षारता ३९वर जाते. त्यामुळे रोज भर घालायची ती गोड्या, शुद्ध पाण्याची. खारं पाणी फक्त पाणी बदलताना. आठवड्याला दहा टक्के, म्हणजे २०० लिटरला २० लिटर, त्याला पाऊण किलोच्या आसपास मीठ. महिन्याला तीन किलो धरा आणि टँक घेण्याआधीच हा खर्च वहीत लिहा.

वीज गेली तर? दिवे गेले तर काही बिघडत नाही, पाण्याची हालचाल थांबली तर बिघडतं. घरच्या इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर जोडा, शक्य तर साइन वेव्हचा इन्व्हर्टर, आणि बॅटरीवरचा एअर पंप कपाटात तयार ठेवा.

आता प्रवाळ. इथे मी जरा स्पष्ट बोलणार आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२, त्याच्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, गॉर्गोनियन म्हणजे समुद्रपंखे, आणि सगळे समुद्री घोडे आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे तीच ही. शिक्षा तीन ते सात वर्षांची कैद. दुकानदार 'सगळेच विकतात' म्हणतो, किंवा समुद्रातून काढलेला 'लाइव्ह रॉक' दाखवतो. तो खडक म्हणजे बऱ्याचदा प्रवाळाचाच सांगाडा असतो. घेऊ नका. कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी, मन्नारच्या आखातातून किंवा लक्षद्वीपहून खरवडलेला तुकडा लखनऊपर्यंत येऊन दोन महिन्यांत पांढरा पडणार असेल तर त्यात छंद कसला? मऊ प्रवाळांतही झोअँथिडसारख्यांत पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असू शकतं. असा खडक उकळून किंवा घासून साफ करताना लोक आजारी पडलेत. पहिलं वर्ष प्रवाळाशिवाय काढा.

मग रीफ टँकमध्ये ठेवायचं काय? टँकमध्ये जन्मलेले मासे. आणि इथे लखनऊचं नाव वेगळ्या कारणाने येतं. समुद्र नसलेल्या या शहरात राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो आहे. १९८३ साली अलाहाबादला सुरू झालेली ही संस्था पुढे लखनऊला आली. तिथल्या शास्त्रज्ञांनी लक्षद्वीपमध्ये अगत्ती बेटावर शोभेच्या समुद्री कोळंबीचं प्रजनन बसवलं आणि स्थानिक महिलांना ती वाढवायला शिकवलं. आपल्या ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाची शोभेच्या समुद्री माशांची हॅचरी आहे, तिलाही याच ब्युरोची तांत्रिक साथ. लखनऊचं ज्ञान ठाण्याच्या खाडीकाठी, असा हा उलटा प्रवास.

क्लाउनफिशच का जमतो, हेही ऐकण्यासारखं आहे. तो खडकाच्या गुळगुळीत जागी अंडी चिकटवतो, नर ती राखतो, वारा घालावा तसे पर हलवतो. आठवडा-दहा दिवसांत पिल्लं फुटतात आणि पुढच्या दहा-बारा दिवसांत त्यांचं तरंगतं बालपण संपतं. तेवढे दिवस त्यांना रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव आणि मग आर्टेमिया पुरवले की झालं. टँग किंवा एंजलफिशची पिल्लं कितीतरी जास्त काळ प्लवक म्हणून भटकतात, म्हणून त्यांचं प्रजनन अवघड आणि बाजारातले बहुतेक पकडून आणलेले. आणखी एक गंमत. क्लाउनफिश सगळे नर म्हणून वाढतात, जोडीतला मोठा नंतर मादी होतो. त्यामुळे नर-मादी शोधत बसू नका. एक मोठा, एक लहान घ्या, बाकीचं ते आपसात ठरवतात. त्यांना ॲनिमोनी लागतेच असंही नाही.

दुकानात दोनच प्रश्न विचारा. हा टँकमध्ये जन्मलाय का, आणि माझ्यासमोर खातो का? दोन्हीला हो असेल तरच पिशवी बांधायला सांगा. घरी आल्यावर पिशवी वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा. मग मासा त्याच्या पाण्यासकट छोट्या बादलीत घ्या, बारीक नळीला गाठ मारून टँकचं पाणी थेंब थेंब सोडा, पाणी दुप्पट होईपर्यंत. मासा जाळीने टँकमध्ये सोडा, पिशवीतलं पाणी फेकून द्या. त्या दिवशी दिवे बंद, खाणं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमूटभर द्या आणि बघा येतो का.