रात्रीचे पाणी आणि अंगावरचे कपडे

पौषातल्या थंडीत निफाडकडे पारा कधी कधी 5 अंशांच्या खाली उतरतो. वीज रात्रीची असली, की गव्हाला पाणीही तेव्हाच द्यावे लागते. अशा वेळी एकच जाड कपडा घालण्यापेक्षा तीन कपडे एकावर एक घाला. त्यांच्यामध्ये अडकलेली हवा अंगाची ऊब धरून ठेवते.

आत कोरडी बंडी, त्यावर लोकरी स्वेटर आणि बाहेर वारा अडवणारा कोट. डोक्याला कानटोपी, पायात गमबूट. घोंगडे सोबत न्या. लोकर ओलसर झाली तरी ऊब देते. सुती कपडा भिजला की अंग गार पडते.

दारे धरताना फावडे चालवायचे असेल, तर घाम येण्यापूर्वीच कोट-स्वेटर उतरवा. बसलात की लगेच चढवा. कपड्यांचा एक कोरडा जोड पिशवीत असू द्या.

दारूने ऊब येते हा भ्रम आहे. अंगातली उष्णता उलट लवकर बाहेर पडते. बंद खोपीत शेकोटी ठेवू नका, तिचा विषारी वायू झोपेतच जीव घेतो. सोबत्याची जीभ अडखळू लागली, तर त्याचे ओले कपडे बदला, घोंगड्यात गुंडाळा आणि दवाखाना गाठा. पाळी एक दिवस लांबली तरी गहू तग धरतो.