माळ, अहिंसा आणि पोटातले जंत

या सदराकडे दर आठवड्याला जी पत्रे येतात त्यांत बहुतेक गुडघेदुखी, साखर आणि केस गळणे हेच विषय असतात. पण मागच्या महिन्यात तीन पत्रे जरा निराळी आली. एका जैन भगिनींनी विचारले आहे की डोक्यात उवा, पलंगात ढेकूण आणि स्वयंपाकघरात झुरळे असताना घराचा धर्म कसा सांभाळायचा? दुसरे पत्र कॉलेजात शिकणाऱ्या मुलाचे आहे. तो ‘व्हीगन’ झाला आहे आणि डॉक्टरांनी दिलेली कॅप्सूल घ्यावी की नाही या पेचात आहे. तिसरे पत्र एका माळकरी आजोबांचे. शाळेत नातवाला जंताची गोळी देतात, ती म्हणजे जीवहत्याच नव्हे का, असा त्यांचा थेट सवाल आहे.

पत्रे वाचून हसू येईल कोणाला. मला आले नाही. गेली कित्येक वर्षे मी तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो आणि हा प्रश्न मनात ठेवून, पण तोंडाने न बोलता, औषध टाळणारी माणसे मी पाहिली आहेत. गोळी नको असे ती म्हणत नाहीत. ‘देऊ’ म्हणतात आणि देत नाहीत. त्यापेक्षा उघड विचारलेले केव्हाही चांगले.

प्रथम ‘व्हीगन’ म्हणजे काय ते सांगतो, कारण हा शब्द आपल्याकडे नवा आहे. शाकाहारी माणूस मांस, मासे खात नाही. व्हीगन माणूस त्यापुढे जाऊन दूध, दही, तूप, मध हेही सोडतो. रेशीम आणि कातडेही वापरत नाही. इंग्लंडमध्ये १९४४ साली या विचाराच्या लोकांनी संस्था काढली. त्यांच्या आजच्या व्याख्येत एक महत्त्वाची पुस्ती आहे: शक्य आणि व्यवहार्य असेल तितपत. आपल्या जैन परंपरेने हाच विचार फार पूर्वी आणि फार बारकाईने केलेला आहे. तिथे जीवांची मोजणी इंद्रियांवरून आहे. कृमी दोन इंद्रियांचे, उवा, ढेकूण आणि मुंग्या तीन इंद्रियांच्या, डास आणि माशी चार इंद्रियांची. हिंसेचेही प्रकार पाडले आहेत: मुद्दाम ठरवून केलेली संकल्पी, घरकामात होणारी आरंभी, पोटापाण्याच्या धंद्यात होणारी उद्योगी आणि स्वतःच्या बचावासाठी होणारी विरोधी. गृहस्थाने पहिली पूर्ण सोडावी आणि बाकीच्या जपून कमी कराव्यात, अशी अपेक्षा आहे. साधूचे नियम अर्थातच कडक. मी काही शास्त्री नव्हे, तेव्हा यापुढे जात नाही. पण औषधाला शास्त्राचा सरसकट विरोध आहे असे जे आपण धरून चालतो, ते तितके सरळ नाही, एवढे यावरून दिसते.

आता माझ्या विषयाकडे येतो. घरातल्या किड्यांबाबत ‘मारावे की मारू नये’ हा प्रश्न आपल्याला फार उशिरा पडतो. पलंगात ढेकूण झाल्यावर, कोठीत उंदीर शिरल्यावर. त्याआधी त्यांना दाणा, पाणी आणि बिळे आपणच पुरवलेली असतात. डेंग्यूचा डास घ्या. तो गटारात वाढत नाही. आपल्या रांजणात, टिपाडात, कूलरच्या टाकीत, फुलदाणीत, गच्चीवर पडलेल्या टायरात वाढतो. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ‘कोरडा दिवस’ पाळायला आरोग्य खाते सांगते. पाणी मातीवर ओतले की त्यातल्या अळ्या मरतात हे खरे आहे, लपवण्यात अर्थ नाही. पण भांडे पहिल्यापासूनच घट्ट झाकले, वर दुहेरी कापड बांधले, तर मादीला अंडी घालायला जागाच राहत नाही. मग मारायलाही काही उरत नाही. भांडे नुसते रिकामे करू नका, आतून घासा, कारण अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी असली तरी महिनोन्‌महिने टिकतात. रात्रीच्या डासांना मच्छरदाणी. हौदात गप्पी मासे सोडून ‘आम्ही काही मारले नाही’ म्हणणारे एक गृहस्थ मला भेटले होते. मासे अळ्या खातातच. पाप माशांच्या नावावर लिहिले एवढेच!

झुरळांचे तेच. रात्री मोरी कोरडी, उष्टी भांडी घासलेली, ओल्या कचऱ्याचा डबा बंद, भिंतीच्या फटी सिमेंटने बुजवलेल्या, एवढे महिनाभर करून पाहा. घरात दम्याचे मूल असेल तर हे करायलाच हवे, कारण झुरळांची विष्ठा आणि कात यांनी दमा बळावतो. ढेकूण रक्त पितो, झोप घालवतो, पण रोग पसरवत नाही. तो एकदा पलंगात भरला की मात्र अहिंसक उपाय मला तरी ठाऊक नाही. अंथरूण-पांघरूण उकळत्या पाण्यात, पलंगाच्या खाचांत कढत पाणी. जुने सामान विकत घेताना आधी उन्हात नीट तपासून घ्या, म्हणजे ती वेळच येणार नाही.

उंदराबद्दल थोडे जास्त लिहावे लागेल. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला आणि पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगच्या गाठीचे रुग्ण आढळले. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने हाहाकार झाला. भूकंपाच्या भीतीने माणसे घराबाहेर राहू लागली, धान्य घरात राहिले आणि उंदीर माजले, असे कारण तेव्हा तज्ज्ञांनी सांगितले होते. प्लेगबाबत एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. हा रोग उंदराच्या अंगावरच्या पिसवा माणसात आणतात. उंदीर मेला की पिसवा त्याचे थंड अंग सोडून माणसाकडे वळतात. म्हणून प्लेगच्या गावात उंदीर आधी मारणे धोक्याचे असते. आधी पिसवांसाठी भुकटी, मग उंदीर. म्हणजे दिसेल त्याला ठेचून काढणे हे आरोग्यशास्त्राच्या दृष्टीनेसुद्धा नेहमी शहाणपणाचे नसते. लेप्टोचे तसे नाही. तो उंदराच्या मुतातून साचलेल्या पाण्यात आणि तिथून पायाच्या जखमेतून आपल्या अंगात येतो. मुंबईत जुलै २००५ च्या पुरानंतर त्याची साथ आली होती.

घरातल्या उंदरासाठी पत्र्याची कोठी, दाराखालची फट बंद आणि अंगणातला अडगळीचा ढीग हलवणे हे पहिले काम. पिंजऱ्यात धरून शेजारच्याच्या वावरात सोडणे ही मला तरी अहिंसा वाटत नाही. चिकट पुठ्ठा तर मुळीच वापरू नका. त्यावर उंदीर दोन-दोन दिवस तडफडतो. आणि उंदीर मारायची पेस्ट पोळीच्या तुकड्याला लावून कोपऱ्यात ठेवण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. अशा काही पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. मुलाच्या पोटात गेला तर पहिले एक-दोन दिवस मूल बरे दिसते आणि मग यकृत बंद पडते. त्यावर उतारा नाही. मूल बरे दिसतेय म्हणून घरी थांबू नका, लगेच मोठ्या रुग्णालयात न्या.

इथवर घराचे झाले. शरीरावर आणि शरीरात राहणाऱ्या जिवांचा प्रश्न निराळा आहे, कारण त्यांना दार बंद करायची वेळ गेलेली असते.

उवेचेच पाहा. काही घरांत ऊ मारत नाहीत, चिंधीत धरून बाहेर सोडतात. भावना मी समजू शकतो. पण डोक्यातली ऊ माणसाच्या डोक्याशिवाय कुठेच जगत नाही. बाहेर टाकली की एक-दोन दिवसांत उपाशी मरते. तेव्हा ‘सोडली’ हा शब्द आपल्या समाधानाचा आहे, उवेच्या उपयोगाचा नाही. ज्यांना औषध नकोच आहे त्यांच्यासाठी एक मार्ग आहे. केस ओले करून, तेल लावून, बारीक दातांच्या फणीने दर तीन-चार दिवसांनी, असे निदान तीन आठवडे विंचरायचे. लीख फुटायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून मध्येच थांबून चालत नाही. घरातल्या सगळ्यांचे डोके पाहायचे. औषध वापरायचे तर परमेथ्रिनचे उवांसाठी असलेले पातळ औषध, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. शेतात मारायचे औषध किंवा रॉकेल मुलीच्या डोक्याला चोळू नका. त्याने मुलींना विषबाधा होते, डोके भाजते.

जंतांच्या बाबतीत मात्र मी जरा आग्रही आहे. काही वर्षांपूर्वी एका वाडीवरची अकरा वर्षांची मुलगी दाखवायला आणली. चेहरा पांढराफटक, दोन जिने चढली की धाप, शाळेत बाकावर झोपायची. हिमोग्लोबिन ६.२. घर माळकरी, आहार साधा, कांद्याच्या वावरात दिवसभर अनवाणी वावर आणि परसाकडला उघड्यावर. शौचाच्या तपासणीत अंकुशकृमीची अंडी निघाली. हा जंत तळपायाच्या कातडीतून शिरतो, आतड्याला चिकटतो आणि रक्त पितो. जातीप्रमाणे एक जंत दिवसाला अर्ध्या थेंबापासून तीन-चार थेंबांपर्यंत. शंभर जंत असले की रोजचे चमचे भरतात.

आजी सोबत होती. तिने गळ्यातल्या माळेला हात लावून विचारले, “डॉक्टर, गोळीनं ते मरतात का नुसते पडतात?” प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. पूर्वी मिळणाऱ्या पायपेराझीनच्या पातळ औषधाने गोल जंत लुळा पडतो आणि जिवंतच बाहेर येतो. पण बाहेर तो जगत नाही. आता वापरतात त्या अल्बेंडाझोलने जंताला साखर घेता येत नाही, तो काही दिवसांत मरून पडतो. मी तिला खरे तेच सांगितले. “आजी, मरतात. हे जंत पोटात वाढत नाहीत, त्यांची पिल्लं मातीत होतात. पायात चप्पल आणि घराला संडास असला तर काही वर्षांनी ते आपल्या मरणानं मरतील. पण तोवर हे रक्त तुमच्या नातीचं जाणार. एवढी वर्षं तिच्याजवळ नाहीत.”

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग सुनेला म्हणाली, “तू दे. माझ्या हातानं नको.” आईने गोळी दिली. लोहाच्या गोळ्या तीन महिने चालल्या, हिमोग्लोबिन १०.८ वर आले. पुढच्या वर्षी त्यांच्या घराला संडास झाला आणि त्यासाठी ग्रामपंचायतीत खेटे घालणारी हीच आजी होती, हे मला नंतर कळले.

गांधीजींचे उदाहरण या संदर्भात आठवते. सेवाग्रामला साप धरून दूर सोडायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा जपून ठेवलेला आहे. इतके ते जीव जपणारे. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये १९४४ साली त्यांना मलेरिया झाला, तेव्हा प्रथम त्यांनी क्विनाइन नाकारले. नकाराचे कारण निसर्गोपचारावरची श्रद्धा हे होते, मलेरियाच्या जंतूंची दया नव्हे. दोन दिवसांनी त्यांनी क्विनाइन घेतले आणि ताप उतरला. सुटकेनंतरच्या तपासणीत त्यांच्या पोटात अंकुशकृमी आणि अमीबा दोन्ही निघाले होते. तेव्हा जंत कोणाला होतात आणि कोणाला होत नाहीत याबद्दल लाज धरायचे कारण नाही.

‘आम्ही शाकाहारी, आम्हाला कुठले जंत’ हा मात्र घातक गैरसमज आहे. पट्टकृमी डुकराच्या कच्च्या मांसातून येतो हे अर्धेच खरे. ज्याच्या पोटात तो आहे त्याच्या विष्ठेतली अंडी न धुतलेल्या कोथिंबिरीतून, मुळ्यातून किंवा हातावरून कोणाच्याही पोटात जाऊ शकतात. तिथून मेंदूत गाठी होतात आणि धडधाकट माणसाला अचानक फिट येते. जन्मात अंडेसुद्धा न खाल्लेल्या माणसात हे होते. अशा वेळी दुकानातून जंताची गोळी आणून देऊ नका. मेंदूत गाठी असताना गोळीने सूज वाढू शकते. आधी डॉक्टर आणि स्कॅन.

आजोबांना आता उत्तर सोपे आहे. १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळा-अंगणवाडीतून ही गोळी देण्याची राष्ट्रीय मोहीम २०१५ पासून चालू आहे. दोन वर्षांखालच्यांना अर्धी गोळी, पुढच्यांना एक, चावून किंवा चुरून. नातवाला द्यावी, असे माझे मत आहे. घरात गरोदर सूनबाई असेल तर पहिल्या तीन महिन्यांत तिला ही गोळी देऊ नये.

आणि कॉलेजकुमारासाठी: कॅप्सूलचे टरफल बहुधा जिलेटिनचे असते. ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात, तेव्हा तुझी शंका बरोबर आहे. गोळ्यांतही पुष्कळदा लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, मिसळलेली असते. पण म्हणून कॅप्सूल फोडून नुसती पूड घेऊ नकोस. काही औषधे जठरात नव्हे, पुढे आतड्यात विरघळावीत म्हणून तशी भरलेली असतात. औषध लिहून घेतानाच डॉक्टरांना सांग. बऱ्याच औषधांची गोळी किंवा पातळ औषध मिळते, काहींची वनस्पतिजन्य टरफलाची कॅप्सूलही मिळते. चिठ्ठी बदलून द्यायला आम्हाला दोन मिनिटे लागतात.