कोड तुम्ही लिहिला, मालक कोण?

बेंगळुरूच्या बनशंकरीतल्या पीजींमध्ये आणि भाड्याच्या घरांत बेळगाव, कोल्हापूर, सांगलीकडून आलेली आपली कितीतरी मुलं-मुली राहतात. दिवसभर कंपनीचा कोड लिहायचा आणि जेवणं झाली की स्वतःच्या ॲपवर बसायचं, हा अनेकांचा शिरस्ता. नोकरी बदलायची वेळ आली की प्रश्न पडतो: आपण लिहिलेला कोड बरोबर नेला तर चालेल का? याबाबत ऐकीव माहितीवर विसंबणं महागात पडू शकतं. म्हणून कायदा काय म्हणतो ते पाहू.

गैरसमज : मी लिहिला, म्हणजे माझाच.

वस्तुस्थिती : कॉपीराइट कायदा, १९५७ संगणक प्रोग्रामला साहित्यकृती मानतो. याच कायद्याच्या कलम १७ (सी) नुसार नोकरीतल्या कामाचा भाग म्हणून तयार झालेल्या कृतीचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. तुमच्या-त्यांच्यात वेगळा करार झाला असेल, तरच अपवाद. त्यामुळे ‘मी कुठे कोडचे हक्क लिहून दिलेत?’ हा युक्तिवाद टिकत नाही. कर्तेपणाचं श्रेय मात्र कलम ५७ मुळे तुमच्याकडेच राहतं.

गैरसमज : रात्री, घरच्या लॅपटॉपवर लिहिलं की कंपनीचा संबंध संपला.

वस्तुस्थिती : कलम १७ मध्ये ना घड्याळाचा उल्लेख आहे, ना लॅपटॉपचा. ते काम तुमच्या नोकरीचा भाग होतं का, हा खरा मुद्दा. ऑफिसात पेमेंटच्या टीममध्ये असाल आणि त्याच कामासाठी घरी बसून एखादं टूल बनवलं, तर कंपनी त्यावर दावा सांगू शकते. गावच्या दूध संस्थेसाठी हिशेबाचं ॲप केलं, तर कायद्याने ते सहसा तुमचं. पण नोकरीच्या काळात केलेलं सगळंच कंपनीचं, असं कलम अनेक नेमणूकपत्रांत असतं. सही करण्याआधी ते वाचा.

नोकरीआधीचं काम ही वेगळी गोष्ट. ‘बोबन आणि मोळी’ ही पात्रं व्यंगचित्रकार टॉम्स यांनी मलयाळ मनोरमा या वृत्तसमूहात नोकरीला लागण्याआधीच निर्माण केली होती. नोकरी सोडल्यावर वाद उभा राहिला, तेव्हा ती पात्रं पुढेही रेखाटण्याचा त्यांचा हक्क केरळ उच्च न्यायालयाने १९८८ मध्ये मान्य केला.

गैरसमज : विकत नाही, नुसती आठवण म्हणून कॉपी ठेवतो.

वस्तुस्थिती : स्वतःच्या बिगरव्यापारी वापरासाठी प्रोग्रामची प्रत काढण्याची सूट कायद्यात आहे, पण मूळ प्रत तुम्ही स्वतः कायदेशीररीत्या मिळवलेली हवी. कंपनीने कामापुरता दिलेला ॲक्सेस म्हणजे तशी प्रत नव्हे. गिटहबच्या प्रायव्हेट रेपोत पुश करणं हीसुद्धा कॉपीच. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये विनापरवानगी डेटा उतरवून घेणं येतं. ते अप्रामाणिक हेतूने केलं, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

गैरसमज : मग शिकलेलंही विसरायचं का?

वस्तुस्थिती : मुळीच नाही. कॉपीराइट मांडणीवर असतो, कल्पनेवर नाही. सर्व्हरने उत्तर दिलं नाही तर एक सेकंद थांबा, मग दोन, मग चार, आणि पुन्हा प्रयत्न करा, ही युक्ती कुणाच्याही मालकीची नाही. तीच नव्या नोकरीत कोऱ्या फाइलवर लिहा. जुनी फाइल उघडून फंक्शनची नावं बदलणं मात्र नक्कलच. कंपनीची खास गुपितं उघड करायलाही मोकळीक नाही.

याची सीमारेषा सर्वोच्च न्यायालयाच्या १९६७ च्या एका निकालात दिसते. कल्याणच्या टायर कॉर्ड कारखान्यातले निरंजन शंकर गोलीकरी पाच वर्षांचा करार मोडून प्रतिस्पर्ध्याकडे गेले. कराराची मुदत संपेपर्यंत तिथे काम करायला, तसंच गुपितं फोडायला असलेली मनाई न्यायालयाने कायम ठेवली. पण काम करण्यावरची मनाई मुदतीपुरतीच होती. करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे नोकरी संपल्यावर पोट भरण्याचा मार्गच अडवणारी अट सहसा टिकत नाही.

गैरसमज : फ्रीलान्सरलाही हाच नियम.

वस्तुस्थिती : फ्रीलान्सर नोकर नसतो. लेखी, सही केलेल्या करारानेच त्याचा हक्क ग्राहकाकडे जातो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असं कलम १९ मानतं.

एवढं करा

रुजू होतानाच आपल्या जुन्या प्रकल्पांची यादी नेमणूकपत्राला जोडून घ्या. नोकरी करताना स्वतःचा प्रकल्प सुरू करायचा असेल तर ईमेलवर परवानगी मागा, तोंडी ‘हो’वर जाऊ नका. एखादं टूल सर्वांच्या उपयोगाचं वाटलं, तर ते ओपन सोर्स करण्याची विनंती कंपनीला करा. तिने मान्य केलं, तर लायसन्सच्या अटी पाळून तुम्हालाही ते राजरोस वापरता येईल. शेवटच्या दिवशी कंपनीची एकही फाइल बरोबर नेऊ नका. कंपनीत कमावलेलं कसब तुमचं आहे आणि नवा कोड लिहायला तेवढं पुरेसं आहे.