दुष्काळातले तुकोबा
१६३० च्या सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. देहूच्या तुकोबांचा व्यापार बुडाला, पत गेली, एक पत्नी अन्न अन्न करत गेली. आत्मचरित्रपर अभंगात त्यांनी हे स्वतःच सांगितले आहे, दुःख जराही मऊ न करता. तिथेच पुढे मोडकळीला आलेले देऊळ दुरुस्त करण्याचा विचार येतो. दुसऱ्या एका अभंगात तर दिवाळे निघाले, दुष्काळाने पिडले हे बरेच झाले, असे ते देवाला सांगतात. हे वाचताना मला आजही धक्का बसतो. विठ्ठलाने संकट टाळले नव्हते. पण बोलायला तोच होता, भांडायलाही तोच. गाथेत त्याला निष्ठुर म्हणणारे अभंगही आहेत, आणि वारकऱ्यांना तीही भक्तीच वाटते.