बर्फ घर कसं उचलतो? फ्रॉस्ट हीव्ह आणि पायाची रचना

थंड प्रदेशात हिवाळ्यात जमीन वर उचलली जाते आणि तिच्यासोबत घराचा पायाही. उचल सगळीकडे सारखी नसते, म्हणून दारं अडकतात, भिंतींना तिरक्या भेगा पडतात. याला फ्रॉस्ट हीव्ह म्हणतात. कारण विचारलं की आपण चटकन सांगतो, "पाणी गोठलं की फुगतं." हे उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे.

हिशोब करून बघू. गोठताना पाण्याचं आकारमान साधारण 9 टक्क्यांनी वाढतं. समजा 1 मीटर जाडीचा थर गोठला, त्यात आकारमानाने 40 टक्के पाणी आहे आणि सगळं प्रसरण वरच्याच दिशेने झालं. तरी उचल येते फक्त 3.6 सेंटिमीटर. प्रत्यक्षात गाळमातीत यापेक्षा बरीच जास्त उचल होऊ शकते. मग उरलेली आली कुठून?

अमेरिकन भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी पाण्याऐवजी बेंझिन वापरून पाहिलं. बेंझिन गोठताना आकुंचन पावतं. तरीही माती उचललीच गेली! 1930 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. म्हणजे मुख्य कारण प्रसरण नव्हे. खालचं न गोठलेलं पाणी गोठणाऱ्या भागाकडे ओढलं जातं आणि तिथे बर्फाचे आडवे थर वाढत जातात. यांना आइस लेन्स म्हणतात.

आता माती का महत्त्वाची, ते कळेल. खडीत पाणी ओढण्याची ताकद नसते. चिकणमातीत ओढ जबरदस्त, पण पाणी फार हळू सरकतं. गाळमातीत दोन्ही गोष्टी जमून येतात, म्हणून ती सगळ्यात त्रासदायक.

थोडक्यात तीन गोष्टी एकत्र लागतात: गोठवणारी थंडी, पाणी आणि अशी माती. पाया डिझाइन करताना यातली निदान एक तोडायची.

पहिला मार्ग म्हणजे गोठणाऱ्या थराच्या खाली जाणं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या नियमांत दक्षिण भागात पाया किमान 3.5 फूट, तर उत्तरेत 5 फूट खोल लागतो. दुसरा मार्ग, पायाखालची माती काढून स्वच्छ खडी भरायची आणि पाण्याचा निचरा करायचा. तिसरा मार्ग नॉर्वे-स्वीडनमध्ये रुळला: पायाभोवती उष्णतारोधक फोम बसवायचा, म्हणजे घरातली ऊब जमिनीत टिकते आणि उथळ पायाही चालतो. पण हे गणित घर गरम राहील असं धरून केलेलं असतं. हिवाळाभर हीटिंग बंद ठेवलं तर ते कोलमडू शकतं.

अजून एक मेख आहे. पाया खोल नेला तरी गोठलेली माती त्याच्या बाजूंना चिकटते आणि वर खेचते. व्हरांड्यासारख्या हलक्या बांधकामाचे खांब असे उचलले जातात. म्हणून बाजूंनाही खडी भरतात.

आपल्याकडची काळी मातीही पाया उचलते, पण तिथे चिकणमातीची खनिजं पाणी शोषून फुगतात. परिणाम सारखा दिसला तरी कारण वेगळं, त्यामुळे उपायही तपासूनच घ्यायचा.

संशोधनाची तयारी करताना टेबर यांच्याकडून घ्यायची गोष्ट हीच. सर्वमान्य स्पष्टीकरण खोटं असेल तर कोणत्या प्रयोगात ते उघडं पडेल? तुमच्या विषयातलं एक "सगळ्यांना माहीत असलेलं" कारण कागदावर लिहा आणि त्याच्यासाठी बेंझिन शोधा.