पन्नास कोटींत चार पैसे

महापारेषणच्या ४०० केव्ही लाइनवरून भरात असताना ५०० मेगावॅट वीज सहज वाहते. म्हणजे किती? पन्नास कोटी वॅट! वॅटला रुपया धरा, पाचशेच्या नोटांची दहा हजार बंडलं झाली. आणि याच तारेवरून, याच क्षणी, एक उपकेंद्र दुसऱ्याशी बोलत असतं. या बोलण्यासाठी, म्हणजे पीएलसीसीसाठी (पॉवर लाइन कॅरिअर कम्युनिकेशन), पॉवर ॲम्प्लिफायर तारेत किती जोर ओततो? बहुतेकदा ४० वॅट. जुन्या ट्यूबलाइटएवढा. पन्नास कोटींच्या ढिगावर चाळीस रुपये!

ते हरवत कसे नाहीत? वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते. निरोप, समजा, ३ लाख. विजेचा एक हेलकावा पुरा होईतो याचे सहा हजार झालेले! स्विचयार्डात मान वर करून बघा. लाइनच्या तोंडाशी पिंपाएवढं वेटोळं लटकतंय, तो वेव्ह ट्रॅप. हजार-दोन हजार अँपिअर त्यातून बिनबोभाट जातात, कारण विजेला त्याचा अडथळा जेमतेम ०.१६ ओहम. निरोपाला मात्र तेच वेटोळं ९४० ओहमची भिंत! मग त्याला शेजारच्या कपलिंग कपॅसिटरमधून मुकाट खाली उतरावं लागतं. असं का होतं, ते इंजिनिअरांना विचारा. आपण आकडे मोजू.

मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर हा निरोप अर्ध्या मिलिसेकंदात कापतो. पण वाटेत झिजतो. हजारातला एकच हिस्सा पोचला असं धरा. चाळीस रुपयांचे राहिले चार पैसे! साडेबाराशे कोटींत एक. तारेतल्या सगळ्या विजेला मुंबई-पुणे अंतर मानलं, तर आपला निरोप केसाच्या जाडीचा जेमतेम सहावा हिस्सा. तरी पलीकडचा रिसीव्हर तो नेमका टिपतो.

आणि निरोप तरी कसला? ‘लाइनवर फॉल्ट आहे, तूही ब्रेकर उघड!’ तारेत हजारो अँपिअर उसळलेले असताना हे चार पैसे पोचून हुकूम सुटायला साधारण २० मिलिसेकंद, ब्रेकर उघडायला आणखी ४०. तेवढ्यात ताशी १०० किलोमीटरनं पळणारी डेक्कन क्वीन पावणेदोन मीटरही सरकलेली नसते, आणि इकडे पन्नास कोटींची लाइन दोन्ही टोकांनी बंद!